दाढेतली वैनगंगा

सातफड वसाहतीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडात, डावीकडे खालच्या ओळीत, एक दाढ कमी होती. कोणी मनापासून हसलं की ती फट दिसायची. अठरावं सरलं की दाढ काढून द्यायची आणि जलदाखला घ्यायचा, हा कायदा आता इतका अंगवळणी पडला होता की पोरं दाढ दिल्यावर शेजारीपाजारी पेढे वाटत.

काढलेल्या दाढा सीलबंद डबीतून यामिनी बोरसेच्या टेबलावर येत. तिच्या कचेरीचं सरकारी नाव ‘जलवाचन केंद्र’ असं होतं, पण लोक त्याला दाढघर म्हणत. गिरणेच्या काठावर, पांढऱ्या मातीच्या जुन्या टेकाडाच्या, लोकांच्या भाषेत पांढरीच्या, पायथ्याशी ती पत्र्याची लांबट इमारत होती. आत एकच मोठं यंत्र होतं आणि ते चालवणारी यामिनी.

ते यंत्र आधी मेलेल्या माणसांसाठी होतं. भंडाऱ्याहून आलेली पंचविशीतली यामिनी पांढरीच्या उत्खननावर काम करत होती, तेव्हा तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते इथेच जुळवलं होतं. दाढेच्या मुळावर दरवर्षी एक पातळ थर चढतो, झाडाच्या खोडात कडं वाढावं तसा. माणूस त्या वर्षी जे पाणी पितो, त्यातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य थरात जाऊन बसतं. आणि पाण्यात ते येतं खडकातून. गिरणेकाठचा काळा कातळ त्या मानाने तरुण, वैनगंगेकाठचा खडक त्याच्या कितीतरी पट म्हातारा. दोन्हीकडच्या स्ट्रॉन्शियमचा ठसा वेगळा. केसाहून बारीक लेसर थरांवरून फिरवला की माणसाने लहानपणापासून कोणकोणत्या नदीचं पाणी प्यायलं, ते पडद्यावर ओळीने उमटतं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी मेलेली माणसं कुठून आली, कुठे गेली, हे यामिनीला असं वाचता येऊ लागलं तेव्हा तिला रात्र रात्र झोप लागली नव्हती.

मग पावसाने एकामागून एक अशी कित्येक वर्षं दगा दिला. एका खोऱ्यातली माणसं दुसऱ्या खोऱ्यात घुसू लागली, पाण्यासाठी मुडदे पडले, रहिवासाचे खोटे कागद बाजारात विकत मिळू लागले. तेव्हा राजधानीत कोणाच्या तरी लक्षात आलं की कागद खोटा करता येतो, दाढ खोटी करता येत नाही. ज्या खोऱ्याचं पाणी पिऊन माणूस वाढला, त्याच खोऱ्यात त्याला पाणी आणि धान्य मिळेल, दुसरीकडे नाही, असा कायदा झाला. दाखल्याचं कार्ड लावल्याशिवाय कुठलाच नळ उघडेना. बाहेरून लग्न करून आलेल्यांना तेवढी एकदाच निवड करता येई. यामिनीची कानन तेव्हा अंगावर पीत होती आणि नवरा भास्कर गिरणेच्या कालव्यांवर अभियंता होता. तिने गिरणा निवडली. निवड कायमची होती.

आता कानन अठराची होत होती.

*

खोरे मंडळाचे अधीक्षक निमकर दाढघरात आले, ते घाम पुसतच.

“बोरसे मॅडम, वसाहतीच्या वर्धापनदिनाला मंत्री येतायत. पांढरीबद्दल एक मोठा फलक लावायचाय दर्शनी भागात. त्या काळीही इथे अशीच वसाहत होती, कालवा होता, कोठार होतं आणि लोक आनंदाने राहत होते, असं काहीतरी. तुम्ही वरच्या थरातल्या दाढा वाचल्यात ना?”

“वाचल्या. सगळ्यात खालच्या थरातली माणसं पावसाळ्यात गिरणेचं पाणी प्यायची आणि उन्हाळ्यात डोंगरातल्या झऱ्यांचं. जात-येत असायची. सुनाही लांबलांबून यायच्या. नंतर बांध घातला, पाट काढला, कोठार बांधलं. आणि त्यानंतर दोनेक पिढ्यांत सगळ्यांच्या दाढांत एकच पाणी. सुनांच्यासुद्धा.”

“म्हणजे लोक इथे रमले!” निमकर खूश झाले.

“रमले की अडकले, ते दाढेत दिसत नाही साहेब. आणि कोठाराच्या काळातल्या मोठ्या माणसांना पुरताना घोट्याखाली पाय तोडलेत. मेलेला उठून चालायला लागू नये म्हणून असावं.”

“ते पाय-बिय फलकावर नको.”

“पाय असलेली एकच आहे. सतरा नंबरची बाई. तीच एकटी बाहेर गेली होती. चार-पाच वर्षांचे थर परक्या पाण्याचे, आणि शेवटचे पुन्हा गिरणेचे.”

“जाऊन परत आली?” निमकरांनी टेबलावर हात आपटला. “मग तीच घ्या फलकावर! बाहेर जाऊन पाहिलं आणि स्वतःच्या पायांनी परत आली. याहून चांगलं काय पाहिजे?”

ते गेल्यावर यामिनीने सतरा नंबरची कवटी समोर घेतली. ही का परत आली असेल, हा प्रश्न तिने आजवर विचारलाच नव्हता. ती ज्या घरात पुरलेली सापडली, त्याच घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत एक पोर पुरलेलं होतं. त्या पोराची दाढ अजून वाचायची राहिली होती. तिने ती यंत्रात घातली.

*

“पप्पा, मामा म्हणतो तिकडे अजून तलाव भरतात,” जेवताना कानन म्हणाली. यामिनीचा भाऊ भंडाऱ्याकडे माशांचं बी वाढवायचा. पडद्यावर बोलताना तो काननला जाळी दाखवायचा, तलावावर उतरलेली बदकं दाखवायचा. काननने उभ्या जन्मात तलाव पाहिला नव्हता.

“भरत असतील. तुला कोण देणार त्यातलं पाणी?” भास्कर शांतपणे म्हणाला. “दाखला गिरणेचा निघणार.”

“म्हणून विचारते. दाढ द्यायच्या आधी जाता येईल का?”

“दाखल्याशिवायचं माणूस म्हणजे कोणत्याच नळाचं नाही. कानन, तुझे आजी-आजोबा टँकरची वाट बघत रस्त्यावर गेले. माझ्या गावात आज कुत्रंसुद्धा नाही. इथे कोणी उपाशी झोपतं का सांग? फाटकाला कुलूप आहे का?”

कुलूप नव्हतं, हे खरंच होतं. फाटक दिवसभर सताड उघडं असे. शिपाई होता तो आत येणाऱ्यांसाठी.

“मी तक्रार नाही करत,” कानन म्हणाली आणि ताट उचलून गेली. जाताना आईजवळ क्षणभर थांबली. “तुझ्या दाढेत दोन नद्या आहेत. माझ्यात एकच आहे, एवढंच.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी यामिनी तिला घेऊन पांढरीवर चढली. वरून सगळं दिसायचं: गिरणेचा बारीक झालेला प्रवाह, बंधारा, पाट, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना आखून दिलेले शेतीचे हिरवेगार सात फड. त्यांच्या पलीकडे क्षितिजापर्यंत भाजून निघालेली जमीन.

“शाळेत काय शिकवलं तुम्हाला? पहिली शहरं नदीकाठी का झाली?”

“गाळ सुपीक होता. धान्य उरायला लागलं. उरलेल्या धान्यावर कारागीर, व्यापारी, राजा जगायला लागले.”

“बरोबर आहे. पण सुपीक जमीन जंगलातही होती, तिथे का नाही झाली? नाईल बघ, युफ्रेटिस बघ. दोन्ही बाजूंना वाळवंट. जंगलातल्या माणसावर कोणी दादागिरी केली तर तो चार टेकड्या ओलांडून दुसरीकडे शेत करतो. नदीकाठच्याने कुठे जायचं? काहींना वाटतं, राज्य उभं राहिलं ते त्यामुळे. इथेही तसंच झालं असावं. बांध घालायला पन्नास माणसं लागली. पन्नास माणसांना खायला घालायला कोठार लागलं. कोठाराला राखणदार लागला, पाळीपाळीने पाणी सोडायला कोणीतरी सांगणारा लागला. प्रत्येक पायरी शहाणपणाचीच होती. कोणी कोणाला डांबलं नव्हतं. फक्त एक दिवस असा आला की सांगणाऱ्याला नाही म्हणायचं तर जायला जागा उरली नव्हती.”

कानन खाली फडांकडे बघत राहिली. “आणि ती पायवाली बाई? निमकर साहेब सांगत होते, ती परत आली म्हणून.”

“काल तिच्या पोराची दाढ वाचली. ती गेली तेव्हा पोर नुकतं दूध सुटलेलं होतं. त्याच्या दाढेत शेवटपर्यंत गिरणाच आहे. त्याला घेऊन जाता आलं नसेल, किंवा जाऊ दिलं नसेल. सहा-सात वर्षांचं होऊन गेलं ते. त्याच्या शेवटच्या दिवसांत ती आली.”

“मग हिचे पाय का नाही तोडले?”

“गरज वाटली नसेल.”

वारा सुटला तसा पांढऱ्या मातीचा धुरळा दोघींच्या अंगावर आला. यामिनीने पोरीच्या केसांतली माती झटकली आणि जे बोलायला वर आणलं होतं ते बोलली. “तुझी दाढ आली की तिच्या जागी मी माझी उजवी दाढ ठेवू शकते. चोविसाव्या वर्षापर्यंत मी वैनगंगेचं पाणी प्यायलेय. बाहेरचे थर घासून टाकले तर अठरा वर्षांच्या मुलीची दाढ दिसेल. तुला वैनगंगेचा दाखला मिळेल.”

काननचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला. “मग मी इथे येऊ-जाऊ शकेन?”

“नाही. वैनगंगेच्या माणसाला इथे पाणी नाही. गेलीस की गेलीस.”

“तू येशील तिकडे?”

“मी निवड करून बसलेय, कानन.”

“म्हणजे तू मला हाकलतेस.” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. “मला तलाव बघायचा होता आई. तुला टाकून जायचं नव्हतं.”

कानन एकटीच उतरून गेली. आठवडाभर ती आईशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी, वेणी घालून घेताना, आरशात न बघता म्हणाली, “दुखेल का तुला फार?”

*

वसाहतीच्या दातांच्या डॉक्टर होत्या शबाना तडवी. त्यांनी यामिनीची उजवी दाढ ठोकून पाहिली, हिरडी दाबून पाहिली.

“ही तर चांगली आहे ताई. लोखंडासारखी आहे. का काढायची?”

“दुखते.”

“दुखत नाही ही.”

दर आठवड्याला सातफडची पोरं याच खुर्चीत बसायची. पुढची तारीख कोणाची आहे, डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि सुई भरली. दाढ सहजासहजी निघेना. शेवटी निघाली तेव्हा त्यांनी ती धुऊन, कापसात गुंडाळून यामिनीच्या मुठीत ठेवली. “गरम काही खाऊ नका,” एवढंच त्या म्हणाल्या.

काननची दाढ साक्षीदारांसमोर काढली गेली, डबीत सील झाली, आणि तिसऱ्या दिवशी यामिनीच्या टेबलावर आली. त्याआधीच यामिनीने भिंगाखाली स्वतःची दाढ धरून बारीक चाकावर घासायला घेतली होती. सगळ्यात बाहेरचा थर चालू वर्षाचा. त्याच्या आतला मागच्या वर्षाचा. एकेक वर्ष पांढऱ्या भुकटीसारखं उडत होतं. काननची शाळा गेली, तिचं पहिलं पाऊल गेलं, भास्करबरोबर बंधाऱ्यावर बसून घालवलेल्या संध्याकाळी गेल्या. गिरणा संपली आणि खाली वैनगंगा लागली. तीही थोडी घासावी लागली. मग तिने हात थांबवला.

यंत्राने दाढ वाचली आणि पडद्यावर एक सरळ रेघ उमटली. जन्मापासून आजवर एकच पाणी. खोरं: वैनगंगा. रेघेखाली नाव होतं कानन भास्कर बोरसे.

*

निमकरांनी दार आतून लावलं. दाखल्याचा कागद त्यांनी यामिनीसमोर धरला.

“ही पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाढली, मॅडम. माझ्या मुलाच्या वर्गात होती. आणि हिने जन्मापासून वैनगंगेचं पाणी प्यायलं?”

यामिनीचा गाल सुजून टमाटा झाला होता. तिला नीट बोलता येत नव्हतं. “यंत्र सांगतंय साहेब.”

“यंत्र खोटं सांगतंय!”

“तसं लिहून द्या.”

निमकर लिहायला बसलेसुद्धा. पेनाचं टोपण काढलं आणि तसेच राहिले. यंत्र एका दाढेला चुकलं असं त्यांनी लिहिलं असतं, तर सातफडमधली प्रत्येक दाढ संशयात आली असती. सातफडच का, सगळ्या खोऱ्यांतली. उद्या फाटकाबाहेर हजार माणसं उभी राहिली असती, आमचीही दाढ पुन्हा वाचा म्हणत. आणि पहिली चूक दाखवणारे अधीक्षक म्हणून त्यांचं नाव वरपर्यंत गेलं असतं. त्यांनी दोनदा यामिनीकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर पाहिलं.

“तुम्हाला काढूनही टाकता येत नाही,” ते पुटपुटले. “लोक विचारतील का काढलं.” मग टोपण लावलं. “आठ दिवसांत तिला खोरं सोडावं लागेल. नियम आहे. आणि पुन्हा असं यंत्र बोललं, तर मी काय करेन ते मला माहीत नाही.”

त्यांनी शिक्का मारला.

*

भास्करला ते घरी येऊन कळलं. त्याने दाखला वाचला, बायकोचा गाल पाहिला, आणि त्याला काही विचारावं लागलं नाही. तो ओरडला असता तर यामिनीला बरं वाटलं असतं. तो पलंगाच्या कडेला बसून तो कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

“मी हिला ओंजळीने पाणी पाजलंय,” तो म्हणाला. “बंधाऱ्यावर. चालायला पण येत नव्हतं हिला. आणि माझ्या पोरीच्या दाखल्यात माझी नदीच नाही.”

“तू तक्रार करू शकतोस.”

“करू शकतो.” त्याने मान हलवली. “मला न विचारता केलंस, यामिनी.”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?”

“नाही.” त्याने कागदाची घडी घातली. “म्हणूनच विचारायचं होतंस.”

पुढचे आठ दिवस तो घरात असून नसल्यासारखा होता. कालव्यावर जायचा, यायचा, जेवायचा. काननशी मात्र नेहमीसारखंच बोलायचा. त्याने तिची सायकल दुरुस्त करायला घेतली, जी ती बरोबर नेणारच नव्हती.

जाण्याच्या दिवशी मंडळाची गाडी फाटकात उभी राहिली. वाटेत कुठल्याही नळाला काननचं कार्ड चालणार नव्हतं, वैनगंगेच्या हद्दीत शिरेपर्यंत. भास्कर दोन मोठे कॅन घेऊन आला आणि तिच्या सीटखाली नीट लावून ठेवले.

“भांडून कोणाला देऊ नकोस, पण मागितलं तर दे,” तो म्हणाला. “तिथवर पुरेल.”

काननने बापाच्या छातीत डोकं खुपसलं. आईला मिठी मारताना मात्र ती आखडली, आणि मग एकदम इतकी घट्ट बिलगली की यामिनीचा अजून दुखरा गाल कळवळला.

“परत येण्याचा प्रयत्न करू नकोस,” यामिनी तिच्या कानात म्हणाली. “मी आजारी आहे असं कळलं तरी. मी गेले असं कळलं तरी. कळतंय ना?”

कानन गाडीत चढली. गाडी सुटली. फाटक उघडंच होतं. गाडीचा धुरळा बसेपर्यंत नवरा-बायको तिथे उभे राहिले, आणि मग आत वळले, कारण वळायला तेवढीच दिशा होती.

*

सोमवारी यामिनी दाढघर उघडायला गेली तर पायरीवर एक बाई बसली होती. ही कलावती मोरे, कोठारावर धान्य मोजून द्यायला असायची. शेजारी तिची मुलगी, काननच्याच वर्गातली. कलावतीने पदर तोंडाला धरला होता.

“काय काम होतं?” यामिनीने विचारलं.

“मी महाडकडची,” कलावती म्हणाली. शब्द जड येत होते. “सावित्रीकाठची. लग्न होऊन आले तेव्हा वीस वर्षांची होते.”

“मग?”

“सगळ्या गावाने कानन बघितलीय लहानपणापासून. आणि तुमचा गालही बघितला.” तिने पदर खाली घेतला. तिचाही गाल सुजला होता. “पुढच्या महिन्यात हिची तारीख आहे.”

यामिनीने मुलीकडे पाहिलं. मुलगी घाबरलेली होती, पण तिने नजर खाली घेतली नाही.

“मुलगी परत येऊ शकणार नाही. ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.”

“तिने हो म्हटलंय?”

“मी म्हटलंय,” मुलगीच बोलली.

“हिच्या वडिलांना विचारलं?”

कलावतीने मान वळवली. फाटकाकडून येणाऱ्या वाटेवर एक पुरुष सायकल धरून उभा होता. पुढे येत नव्हता आणि जातही नव्हता. त्याच्याही मागे, पाटाच्या कडेने, आणखी दोन बायका हळूहळू दाढघराकडे येत होत्या. दोघींचे पदर तोंडाला होते.

समोर मंडळाच्या कचेरीत निमकर खिडकीशी उभे होते. त्यांना सगळं दिसत होतं. यामिनी त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी हात वर केला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

“आत या,” यामिनी म्हणाली.

कलावतीने कापसाची पुरचुंडी तिच्या हातात दिली. दाढ अजून ओली होती.